मावशीची किंकाळी

फोन आला तेव्हा घोषणाताई उकडलेली अंडी सोलत होत्या, आणि एकाही अंड्याचं टरफल धड निघत नव्हतं. म्हणजे मूड आधीच गेलेला.

"ताई, एक छोटंसं काम होतं," पलीकडून सबुरी म्हणाला. "पाच-दहा मिनिटांचं. एक किंकाळी हवी होती."

"कुणाची?"

"आपल्या मावशीची."

घोषणाताईंनी अंडं खाली ठेवलं.

घोषणाताई हे काही त्यांचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते इमारतीतल्या लोकांनी ठेवलं होतं, आणि तेही चूक म्हणता येणार नाही असं. गेली कित्येक वर्षं शहरातल्या निम्म्या लिफ्टमध्ये "दरवाजा बंद होत आहे" असं सांगायच्या त्या याच. बँकेत फोन लावला की "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" अशी शुद्ध थाप मारणाऱ्याही याच. पार्किंगमधून बाहेर पडताना "तिकीट यंत्रात घाला" म्हणणाऱ्या, दवाखान्यात "पुढचा क्रमांक" पुकारणाऱ्या, सगळ्या याच. माणसं त्यांच्या शब्दावर वर जात, खाली येत, रांगेत उभी राहत. पण आजवर एकानेही उलटून "बरं" म्हटलं नव्हतं. दरवाजाला कोण उत्तर देतं?

म्हणून सबुरीने त्यांना मावशीचं काम दिलं, तेव्हा त्यांना काय वाटलं असेल ते सांगायला नको. हा सबुरी व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीचा कर्ताधर्ता. कुणी काहीही विचारलं की "थोडी सबुरी" म्हणायचं, हे त्याचं कामातलं मुख्य कौशल्य. त्याच्या गेमचं नाव 'सात पुलांपलीकडे'. एक मुलगी आजारी भावासाठी औषध घेऊन निघते, वाटेत सात पूल लागतात, आणि सोबत असते तिची मावशी. सगळा गेमभर सोबत! घोषणाताईंना आयुष्यात पहिल्यांदा असं बोलायला मिळालं, ज्याला अंग होतं, वय होतं, नातं होतं. त्यांनी मावशीचा डावा गुडघा दुखता ठेवला. हे कागदावर कुठेही नव्हतं, त्यांनी आपल्या पदरचं घातलं. पायऱ्या आल्या की मावशी वाक्याच्या मध्ये अगदी जराशी थांबायची.

गेम आला आणि सपशेल आपटला.

तशी कारणं ढीगभर होती. घोड्याचे पाय जमिनीत गुडघ्यापर्यंत रुतायचे. बाहेर पाऊस लागला की घरातही पडायचा. अर्ध्यावर थांबवून ठेवलेला गेम दुसऱ्या दिवशी उघडावा, तर पुन्हा पहिल्या पुलापाशी. पण ह्या सगळ्याकडे लोक कानाडोळा करायला तयार होते. मावशीकडे नाही. घोषणाताईंनी नको नको म्हणताना सगळे अभिप्राय वाचले होते. खाई त्याला खवखवे म्हणतात, इथे न खाताच खवखवत होतं.

"ह्या बाईला गप्प करायचं बटण कुठे आहे?"

"राक्षस परवडला. तो निदान एकदाच गुरगुरतो."

"मला तीन सख्ख्या मावश्या आहेत. तिघी मिळूनसुद्धा इतकं बोलत नाहीत."

"चौथ्या पुलावरून औषध नदीत फेकलं आणि घरी आलो. भावाचं काय व्हायचं ते होवो."

शेवटचा वाचून त्यांचं दोन दिवस जेवणावरून मन उडालं होतं.

"मावशीने किंकाळी कशाला मारायची?" त्यांनी फोनवर विचारलं.

"लोकांची फार मागणी आहे, ताई. नव्या अपडेटमध्ये सातव्या पुलावर एक बटण देतोय. दाबलं की मावशी खाली."

"खाली म्हणजे?"

"नदीत."

"आणि मग?"

"मग काही नाही. शांतता." सबुरीने घसा खाकरला. "तुमची इच्छा नसेल तर तसंही चालेल, मी समजू शकतो. आमच्याकडे तयार किंकाळ्यांचा साठा असतो, त्यातली एखादी लावू. फक्त मग आवाज जुळायला हवा ना, म्हणून मावशीची बाकीची वाक्यंही दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावी लागतील. गुरुवारपर्यंत कळवा. थोडी सबुरी आहे अजून."

म्हणजे गेलं तर आपल्याच तोंडाने मरायचं, आणि नाही गेलं तर मावशीच दुसऱ्या कुणाची व्हायची. आगीतून फुफाट्यात जायचं, वर विचारतात कधी येताय.

जेवणाच्या टेबलावर त्यांनी हे सांगितलं, तशी लेक उसळली. "अजिबात जायचं नाही! सरळ सांग, तुमच्या साठ्यातल्या किंकाळ्या तुम्हीच मारा म्हणावं."

"आणि मावशी?"

"जाऊ दे ना ती मावशी! लोक शिव्या घालतायत तिला!"

"म्हणून काय वाऱ्यावर सोडू?"

जावई मान खाली घालून अंड्यातला पिवळा बलक अशा काही मन लावून बघत होता, जणू त्यावर परीक्षा होती.

"जावईबापू, आपलं काय मत?"

हा जावई घरातच राहत होता, रोज आई आई करत होता. 'जावईबापू' असं ऐकलं की त्याला कळायचं, आज आपली धडगत नाही. "आई, म्हणजे एक गेम म्हणून बघितलं तर..."

"गेम म्हणूनच बघा."

"तर मावशी... जराशी जास्त बोलते. आई गं!" हे आई गं सासूला उद्देशून नव्हतं. टेबलाखालून बायकोची लाथ आली होती. "मला का मारतेस? त्यांनीच विचारलं!"

"तुम्ही खेळलाय?"

"पाचव्या पुलापर्यंत."

"आणि मला सांगत होतात, आई, तुम्ही नका बघू, डोळ्यांना त्रास होईल, चक्कर येईल."

जावयाने उरलेला बलक तोंडात कोंबला.

"आज येऊ दे चक्कर," घोषणाताई म्हणाल्या आणि ताट सिंकमध्ये ठेवायला उठल्या.

खरी गोष्ट अशी होती की घोषणाताईंनी मावशीला कधी पाहिलंच नव्हतं. आवाज द्यायला बोलावलं तेव्हा गेम तयारच नव्हता, आणि तयार झाला तेव्हा शिव्या सुरू झाल्या होत्या. आता सोफ्यावर बसून त्यांनी ते दोन दांड्यांचं यंत्र हातात धरलं, आणि मुलगी पहिली दहा मिनिटं एका भिंतीत चालत राहिली.

"डावा अंगठा, आई. डावा!"

"डावाच दाबतेय!"

"दाबायचं नाहीये, ढकलायचंय. पुढे, पुढे. ते आकाश आहे, आई, खाली बघा."

"तुम्ही गप्प बसाल का जरा?"

शेवटी मुलगी वाटेला लागली, आणि झाडामागून मावशी आली. पिकलेले केस, खांद्यावर शाल, जरा बाकात चाल. घोषणाताईंना एकदम भरून आलं. अगदी मनात होती तशीच! मग पहिला पूल आला, आणि मावशी बोलली.

"पुलावर जपून हं, बाळा." किती गोड. आणि लागलीच, श्वासही न घेता, "पुलावर जपून." आणि त्याला लागूनच, कमरेवर हात ठेवून, "पुलावर जपून! किती वेळा सांगायचं?"

घोषणाताई चमकल्या. मुलगी दोन पावलं पुढे गेली.

"फळी मोडकी आहे हं. फळी मोडकी आहे. फळी मोडकी आहे, डोळे फुटलेत का?"

"औषध नीट धर, राणी. औषध नीट धर. औषध नीट धर म्हटलं ना!"

दुसऱ्या पुलापर्यंत घोषणाताईंची कानशिलं तापली. तिसऱ्या पुलावर त्या पडद्याकडे बघून ओरडल्या, "अगं ऐकलं! बहिरी आहे का मी? डोक्यावर मिरे वाटतेय नुसती!"

लेक आणि जावई दोघंही छताकडे बघू लागले. हसू दाबायला छत बरं असतं.

"काय हसताय? ही असं नव्हती बोलत!" घोषणाताईंनी यंत्र सोफ्यावर आपटलं. "हे तीन टेक आहेत!"

"म्हणजे?" लेकीने विचारलं.

"अगं, आमच्यात पद्धतच आहे. काचेच्या खोलीत उभं करतात, समोर गेम काही दिसत नाही, हातात नुसती सुटी वाक्यं. प्रत्येक वाक्य तीनदा म्हणायचं. एकदा गोड, एकदा साधं, एकदा वैतागून. का, तर नंतर त्यांनी बसून त्यातलं शोभेल ते एक ठेवायचं आणि बाकीची दोन टाकून द्यायची. एक! ह्यांनी तिन्ही लावलीत. ओळीने! सगळ्या गेमभर!"

खोलीत क्षणभर फक्त मावशी बोलत राहिली. तिसऱ्यांदा.

मग जावई उठला. इतका वेळ अपराध्यासारखा बसलेला माणूस, त्याने रिमोट घेतला आणि म्हणाला, "आई, तुम्ही चालवत राहा." चौथ्या पुलाच्या पायऱ्या लागल्या. मावशी म्हणाली, "चल, चढू... हळूहळू," आणि त्या 'चढू'नंतर गुडघा धरल्यासारखी जराशी थांबली. वाक्य संपताक्षणी जावयाने आवाज बंद केला. मावशीचे ओठ आणखी दोनदा हलले, बोट नाचलं, हात कमरेवर गेला. मग त्याने आवाज सुरू केला. असं करत करत त्यांनी अख्खा चौथा पूल ओलांडला आणि पाचवाही. प्रत्येक वेळी एकच मावशी ऐकू आली.

"ही तर चांगली आहे की," जावई हळूच म्हणाला. "हिला कोण ढकलेल?"

घोषणाताईंनी नाक शिंकरलं. "तेच सांगायला जातेय गुरुवारी."

सबुरीच्या कंपनीत माणसांपेक्षा पडदे जास्त होते, आणि खिडकीतली रोपं पाण्यावाचून वाळून गेली होती. पाहुण्यांना बसायला धान्याच्या पोत्यासारख्या मऊ खुर्च्या होत्या. त्यात माणूस सहज जायचा, बाहेर काढायला मात्र दुसरा लागायचा. घोषणाताई अशाच एका पोत्यात रुतून, गुडघे हनुवटीला लागलेल्या अवस्थेत, रागाने बोलत होत्या. तशा अवस्थेत रागावणं फार अवघड असतं, पण त्यांनी ते निभावलं.

सबुरीने सगळं ऐकलं. त्याची दाढी वाढली होती आणि डोळे तांबारले होते. त्याने पलीकडे बसलेल्या पोरींना हाक मारली, मूळ आवाज काढायला लावले, कानाला लावून ऐकले. या खेपेला सबुरी हा शब्दही त्याच्या तोंडून निघाला नाही.

"टेक निवडायचं काम ज्याच्याकडे होतं तो मध्येच सोडून गेला," शेवटी तो म्हणाला. "त्याच्या जागी जी आली, तिला प्रत्येक वाक्य तीनदा मिळालं. तिला वाटलं, मावशीची लकबच तशी आहे."

"आणि ते बोट? तो कमरेवरचा हात?"

"ते आम्ही नंतर घातलं," पलीकडची एक पोरगी रडवेल्या आवाजात म्हणाली. "तुमच्या आवाजाला शोभेल असं. आठ महिने लागले, ताई."

"अगं पण कुणाला एकदाही वाटलं नाही, की ही बाई सारखं सारखं काय बोलतेय?"

"वाटलं की," सबुरी म्हणाला. "सगळ्यांनाच वाटलं. पण तुमच्यासारख्या जुन्याजाणत्या कलाकाराला कोण सांगणार, की ताई, जरा कमी बोला?"

म्हणजे ह्या लोकांनी मानापोटी विचारलं नाही, आणि आपण मानापोटीच कधी म्हटलं नाही, की मला एकदा दाखवा रे काय केलंय ते. दोन्हीकडच्या मानाने मिळून मावशीच्या गळ्यात धोंडा बांधला होता.

"असो," घोषणाताई म्हणाल्या. "कळलं ना आता? मग जादाची वाक्यं काढा आणि ते बटणही काढा."

"वाक्यं काढतो. आजच बसतो. त्यांचे हातवारेही काढतो." पलीकडून एक हुंदका आला. "पण बटण नाही काढता येणार."

"का?"

"जाहीर करून बसलोय, ताई. आणि लोक परत येतायत. गेम टाकून दिलेले लोक! मावशीला ढकलायला मिळणार म्हणून पुन्हा पहिल्या पुलापासून खेळतायत. ते आले तर कंपनी तगेल. नाही आले तर मावशी तशीही जाणार, आणि तिच्यासोबत घोडा, राक्षस, आम्ही सगळेच."

"म्हणजे मी निर्दोष सुटले आणि फाशी कायम."

सबुरीने मान खाली घातली. "तुम्ही नाही म्हणालात तर मी ती साठ्यातली..."

"साठ्याचं नाव काढू नकोस. कुठल्या परक्या बाईच्या किंकाळीने माझी मावशी मरणार नाही. हात दे. ह्या पोत्यातून काढ मला आधी."

काचेची खोली तीच होती, भिंतींना तोच मऊ काळा स्पंज. घोषणाताईंनी कानावर हेडफोन चढवले. काचेपलीकडे सबुरी, रेकॉर्डिंगवाले काका आणि मावशीचे हातवारे बनवणारी ती पोरगी.

"एक लांब आऽऽऽ, ताई," सबुरीचा आवाज कानात आला. "वरून खाली जाणारा. एकच टेक घेऊ. देवाशपथ एकच."

त्यांनी श्वास भरला, तोंड उघडलं. आणि तसंच मिटलं.

"ढकलतं कोण?"

"खेळणारा."

"ते कळलं रे. पडद्यावर कोण ढकलतं?"

"ती... मुलगी."

"माझ्या बहिणीची लेक. हाताला धरून सहा पूल आणलेली."

"हो, ताई."

"आणि मी नुसती आऽऽ करू?"

"बहुतेक सगळे आऽऽच करतात."

"बहुतेक सगळ्यांना ओळख नसेल ढकलणाऱ्याची," घोषणाताई म्हणाल्या. "चालू कर."

काकांनी बोट वर केलं.

"अगंऽऽ सटवे!" घोषणाताई अशा ओरडल्या की काका खुर्चीतून उडाले. "मला? मला ढकललंस? घोड्याचे पाय जमिनीत रुतले तेव्हा कुणी ओढून काढला गं तो घोडा? घरात पाऊस गळत होता तेव्हा तुझ्या डोक्यावर शाल कुणी धरली? ह्या गुडघ्याने सहा पूल चढले मी, सहा! एकदा तरी मागे वळून विचारलंस का, मावशी, दमलीस का म्हणून? नाही! कानात वारं शिरल्यासारखी आपली पुढे पुढे! आणि आता बघतेय कशी वाकून, तोंड बघ कसं केलंय, जसं काही हिलाच पाण्यात पडायचंय! अगं बाटली वाकडी धरलीयेस! सरळ धर! झाकण बघ, झाकण! एवढ्या लांब आणून सांडशील आणि मग बसशील माझ्या नावाने बोंबलत! आणि शाल? शाल राहिली ना कठड्यावर, ती घे, पलीकडे गारठा आहे. मला नको, मी तर भिजणारच आहे! आणि भावाला सांगू नकोस मी नदीत पडले म्हणून, त्याचा जीव नाजूक आहे. सांग, मावशी मागून येतेय, तिला पायऱ्यांना वेळ लागतो. ऐकतेयस का? नाही, तू कसली ऐकतेस! आणि अजून उभीच? अगं मी पडतेय ते काय बघायचंय, जा की आता! औषधाची वेळ टळतेय!"

श्वास संपला. घोषणाताई थांबल्या. कपाळावर घाम आला होता. शिवी द्यायला, समजूत घालायला, कुणावर तरी जीव टाकायला, सगळ्याला मिळून आयुष्यात पहिल्यांदाच इतकी जागा मिळाली होती.

काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाले काका खांदे हलवून हसत होते. ती पोरगी हसत नव्हती. बाहीने डोळे पुसत होती. सबुरी मात्र पडद्यावरच्या सेकंदांच्या आकड्याकडे बघत डोकं खाजवत होता.

"ताई," त्याचा आवाज कानात आला, "भन्नाट झालंय. खरंच. हे मी कापणार नाही, हात लावणार नाही. पण एक अडचण आहे."

"आता काय?"

"पूल एवढा उंच नाहीये. 'मला ढकललंस' म्हणेपर्यंत मावशी पाण्यात पोचते."

घोषणाताईंनी हेडफोन काढले, बाजूच्या बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायल्या, आणि लिफ्टमध्ये बोलतात तशा स्वच्छ, शांत आवाजात माइकपाशी येऊन म्हणाल्या, "मग पूल उंच करा."

सबुरीने फोन उचलला.

"सातवा पूल कुणाकडे आहे? ... हो, उंच करायचाय. ... किती ते मला विचारू नकोस. इकडे ये आणि आधी हे ऐक."